धुरांड्याला प्रदक्षिणा

अवधूत खासनीसाला कोणी विचारलं की बाबा रे, एवढं जुनं, खिडक्यांतून वारा येणारं, स्टेशनपासून लांबचं घर कशाला घेतलंस, तर तो पाहुण्याला बैठकीच्या खोलीत नेई आणि लॉगबर्नरसमोर उभा करी. बिडाची काळी शेगडी, तिला काचेचं दार, आणि वर भिंतीत शिरून थेट छपराबाहेर निघणारा धुराचा पाईप. "हीटिंग काय, सगळ्यांकडे असतं," तो म्हणे. "ही आग आहे." आता खरं सांगायचं तर ती आग वर्षातून फार थोड्या वेळा दिसे, कारण लाकडं आणणं, वाळवणं, पेटवणं आणि राख काढणं हे सगळं अवधूतने करायचं, असं सुचेताने घर घेतानाच ठरवून टाकलं होतं. पण मेडनहेडच्या जरा बाहेर, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या त्यांच्या रस्त्यावर हिवाळ्यात घरोघरच्या धुरांड्यांतून धूर निघे आणि त्यांत आपलाही असतो, याचं त्याला फार समाधान होतं. परदेशात गेलेला माणूस तिथला नेमका कधी होतो, यावर मतभेद आहेत. कोणी म्हणतं पासपोर्टाने, कोणी म्हणतं मुलं आपल्याशी इंग्रजीत भांडायला लागली की. अवधूतच्या मते धुरांड्याने.

त्या वर्षी दसरा झाला आणि वीणाताई आल्या. वीणाताई म्हणजे सुचेताची आई, अर्थात अवधूतच्या सासूबाई. नागपूरच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण त्यांच्याकडे पाहून त्या निवृत्त झाल्यात हे शाळेने त्यांना नीट समजावून सांगितलं होतं की नाही, अशी शंका येई. सुचेताचे बाबा उन्हाळ्यात गेले होते. अवधूत-सुचेताच्या मुलीला, ईराला, केंब्रिजमध्ये प्रवेश मिळाला होता, तिची खोली रिकामी होती. व्हिसा सहा महिन्यांचा. सहाही महिने आई इथेच राहील, असं सुचेताने मनाशी धरलं होतं.

अवधूतचं आणि वीणाताईंचं पटत नसे असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं एकमत होत नसे, एवढंच. चहात आलं किसून घालायचं की ठेचून, पोळीची घडी दोनदा की तीनदा, डॉक्टर जास्त शिकलेले की इंजिनियर, या प्रत्येक बाबतीत दोघांची मतं ठाम होती आणि वेगळी होती. सुचेता फिजिओथेरपिस्ट, ती सकाळीच रीडिंगला दवाखान्यात जाई. अवधूत आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करी. आधी तो दुपारी लॅपटॉपसमोर उभ्या उभ्या सँडविच खायचा. आता टेबलावर पाटोडी-रस्सा असे आणि समोर वीणाताई असत, आणि जेवण संपलं तरी वाद संपत नसे. दुपारच्या मीटिंगांना तो उशिरा जाऊ लागला होता.

अडचण होती थंडीची. नागपूरच्या माणसाला उन्हाचं काही सांगू नये आणि थंडीचं काही विचारू नये. त्यात घरातलं हीटिंग अवधूतच्या फोनमधल्या अ‍ॅपवर चाले, आणि ते अठरा अंशांच्या वर जाणं त्याला नैतिक अधःपतन वाटे. "आई, स्वेटरवर स्वेटर घालायचा. इथे सगळे तसंच करतात," तो सांगे. वीणाताई स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल आणि कानाला मफलर लावून बसत आणि म्हणत, "हो हो. फक्त आत मी आहे हे लक्षात असू द्या."

नोव्हेंबरात एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं.

"सुचेता, माझं तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं करून टाक. थंडी सोसून नाही राहिली मला."

"आई, अगं व्हिसा एप्रिलपर्यंत आहे!"

"व्हिसा आहे म्हणून राहायलाच पाहिजे असं थोडीच आहे? आणि इथे माझं काम काय आहे बाप्पा? भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, केर तो गोल डबा आपला आपणच फिरून काढून राहिला. तुम्ही मला भाजीसुद्धा चिरलेली आणून देता. मी नुसती बसते. बसायला माझं घर काय वाईट आहे?"

रात्री भांडी मशीनमध्ये लावताना सुचेताच्या डोळ्यांतून पाणी आलं. "थंडीबिंडी काही नाही रे," ती म्हणाली. "तिथे जाऊन ती त्या फ्लॅटमध्ये बाबांच्या खुर्चीसमोर बसून राहील, दिवसभर. हा एक हिवाळा तिने माझ्याजवळ काढावा, एवढंच हवंय मला."

बायको रडली की अवधूत घाबरे, आणि घाबरला की तांत्रिक उपाय काढे. "लॉगबर्नर!" तो म्हणाला. "रोज पेटवू. त्यांची खुर्ची समोर ठेवू. नागपूर करून टाकू नागपूर!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने साग्रसंगीत आग पेटवली. पहिली पाच मिनिटं धूर वर गेला. मग त्याने विचार बदलला आणि तो खोलीत आला. वीणाताई खोकायला लागल्या, छताचा अलार्म कोकलायला लागला, आणि सुचेताने दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीचं नागपूर व्हायचं राहून गुलमर्ग झालं. पाईप तुंबला होता. तुंबणारच. गेल्या वर्षीच्या गणपतीत मराठी मंडळाच्या उत्सवातल्या नारळांच्या करवंट्या आणि शेंड्या पोत्यांत भरून अवधूतनेच घरी आणल्या होत्या. 'आपल्याकडे फुकट काही जात नाही' असं सगळ्यांना ऐकवत मागच्या हिवाळ्यात जेव्हा जेव्हा आग पेटली तेव्हा त्याने त्या ओलसर करवंट्याच जाळल्या होत्या. त्यांचा सगळा तेलकट काळा प्रसाद पाईपाला आतून चिकटला होता.

"स्वीपला बोलव," सुचेता म्हणाली. या देशात धुरांडी साफ करणं हा अजूनही माणसांचा धंदा आहे आणि तो करणाऱ्याला स्वीप म्हणतात.

"केर काढायला बाहेरचा माणूस?" अवधूत म्हणाला. पण त्याने फोन केला. स्वीप ही जॅनिस नावाची बाई निघाली. तिचा आवाज भरदार होता आणि डायरी त्याहून भरलेली होती. आपल्याकडे दिवाळीआधी शिंप्याकडे जाऊन ब्लाउज शिवून मागावा, तसा प्रकार झाला. ऑक्टोबर ते ख्रिसमस म्हणजे आमचा ऐन हंगाम, ती म्हणाली, उन्हाळ्यात कुणालाच आठवण होत नाही. जानेवारीच्या शेवटी जमेल. नाव लिहू? अवधूतने लिहायला सांगितलं, पण जानेवारीच्या शेवटी वीणाताई नागपूरला स्वतःच्या हाताने भाजी चिरत बसलेल्या असणार होत्या.

मग त्याने विमा कंपनीला फोन केला. पॉलिसीत वर्षातून एकदा धुरांडं साफ करून घ्यायची अट आहे, असं त्याला अंधुक आठवत होतं. पलीकडच्या मुलीने सांगितलं की अट आहे, आणि केल्याचं सर्टिफिकेट लागेल.

"मी स्वतः साफ केलं तर?"

"तर सर्टिफिकेट कोण देणार, सर?"

"मी. मी सोल्यूशन आर्किटेक्ट आहे."

"म्हणजे घरं बांधता?"

"नाही. सॉफ्टवेअर."

त्यावर पलीकडून फक्त संगीत ऐकू आलं. ते बराच वेळ वाजलं आणि मग फोन बंद झाला. 'म्हणजे त्यांनी स्पष्ट नाही म्हटलेलं नाही,' असा अर्थ अवधूतने काढला.

एकदा माणसाने स्वतः करायचं ठरवलं की सल्ल्याला तोटा नसतो. शेजारचे नॉर्मन, वय ऐंशीच्या घरातलं, कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले की त्यांचे आजोबा काटेरी झुडूप दोरीला बांधून धुरांड्यातून ओढायचे आणि त्याच्याही आधी म्हणे लोक पाय बांधलेला हंस सोडायचे. हंस कुठे मिळेल हे त्यांना माहीत नव्हतं, पण चौकशी करायची त्यांची तयारी होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देवयानीने लिहिलं की बटाट्याची सालं वाळवून जाळली की काजळी आपोआप गळते. लगेच कोणीतरी विचारलं की उपासाचे बटाटे चालतील का. दोघांनी कापूर सुचवला, आणि एकाने 'सुप्रभात' लिहून फुलांचं चित्र टाकलं.

कामाचा निघाला एकटा मिलिंद. मिलिंद रीडिंगच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या घरी जमिनीखालून हीटिंग आहे आणि धुरांडं औषधालाही नाही. तरी त्याच्याकडे धुरांडं साफ करायचा अख्खा संच होता.

"तुला कशाला लागतो हा?" अवधूतने विचारलं.

"सेल होता," मिलिंद म्हणाला. "ने तू. अरे काही अवघड नाही त्यात. लवचिक कांड्या असतात, एकीत एक पिळून बसवायच्या. टोकाला ब्रश. खाली ड्रिल जोडायचं. कांडीमागून कांडी लावत वर सरकवत जायचं. ब्रश धुरांड्यातून बाहेर आला की खाली ओढायचं. शेंबडं पोर करेल!"

"तू केलंयस?"

"मी व्हिडिओ पाहिलाय," मिलिंद म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी उंच हवा, म्हणून तो शनिवारी यायला मात्र तयार झाला नाही.

शनिवारी सुचेता सकाळी दवाखान्यात गेली. जाताना "मी येईपर्यंत थांब" म्हणाली, आणि हे वाक्य अवधूतने अत्यंत आदराने ऐकून घेतलं. ती वळणावरून दिसेनाशी होताच त्याने गालिचावर चादरी अंथरल्या, अंगात पावसाळी जाकीट, डोळ्यांवर ईराचा पोहायचा चष्मा आणि नाकाला सुचेताची ओढणी असा वेष केला. नॉर्मन रस्त्यापलीकडच्या पदपथावर घडीची खुर्ची टाकून, हातात चहाचा मग घेऊन बसले. ब्रश धुरांड्यातून बाहेर आला की ओरडून सांगायचं, ही त्यांची कामगिरी. ऐंशीच्या घरातला माणूस असा रस्त्यावर खुर्ची टाकून छपराकडे पाहायला लागला की येणारे-जाणारे थांबतातच. हळूहळू चार-सहा माणसं आणि दोन कुत्री जमली.

आत वीणाताई खुर्चीत बसल्या होत्या. "तुम्ही वर जाऊन पडा की आई, धूळ उडेल," अवधूत म्हणाला.

"पडायला मी काय आजारी आहे? करा तुम्ही. मी बघते."

त्यांनी वर्गावर देखरेख करावी तसं ठाण मांडलं.

अवधूत गुडघे टेकून बसला, शेगडीच्या दारातून ब्रश आत घालून पाईपात वर सरकवला, कांडीला ड्रिल जोडलं आणि बटण दाबलं. घर्रर्र झालं, कांडी फिरायला लागली, वरून थोडी काजळी पडली. सगळं कसं व्हिडिओसारखं चाललं होतं.

"थांबा!" वीणाताई ओरडल्या. "उलटं फिरून राहिलंय ते!"

"काय?"

"मी इथून वरून बघते आहे ना. डावीकडे फिरतंय. आपण देवाभोवती कसे फिरतो? उजवीकडे. शुभ काम असं उलटं फिरवत नाहीत."

एरवी अवधूतने इथे विज्ञाननिष्ठेवर छोटंसं भाषण केलं असतं. पण संचाच्या पेटीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली त्याच्या लक्षात होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर कांड्या सुटतील. त्याने चष्मा वर केला आणि खुर्चीजवळ उभं राहून खाली पाहिलं. घड्याळ जमिनीवर उताणं ठेवलं तर काटे ज्या दिशेने फिरतील, त्याच्या बरोबर उलट कांडी फिरत होती. प्रदक्षिणा आणि घड्याळ दोन्ही एका बाजूला, आणि ड्रिल दुसऱ्या बाजूला!

"आई," तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे."

हे वाक्य त्या घरात या आधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. वीणाताईंनाही ते नवीन होतं. त्या जरा सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लगेच ऐकलंत, हे तुमचंही बरोबर आहे."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. घड्याळ आपण समोरून वाचतो. कांड्या खालून वर जात होत्या, तेव्हा घड्याळ वाचायचं ते खालून, म्हणजे ड्रिल हातात धरलेल्या माणसाने पाईपात वर बघून. ड्रिल बनवणाऱ्याला हे ठाऊक होतं. पट्टी चिकटवणाऱ्याने ते गृहीत धरलं होतं. पण सासू-जावयाचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि अशा वेळी ड्रिलचं मत कोण विचारतो? अवधूतने ड्रिलवरची छोटी कळ उलट्या बाजूला ढकलली आणि धुरांड्याला विधिवत प्रदक्षिणा सुरू झाली.

गंमत अशी की काम झकास होत गेलं. ब्रश काजळीत घट्ट रुतून वर चढत होता, त्या ताणाने कांड्या कशाबशा धरून होत्या. अवधूत कांडी जोडे, ड्रिल फिरवी, पुढे रेटी. वीणाताई "छान, अजून एक, घाई नको" म्हणत होत्या. काजळी बदाबदा पडत होती. आणि मग बाहेरून नॉर्मनचा आवाज आला, "आला! आला!" पाठोपाठ रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक कुत्रं भुंकलं.

अवधूतने ड्रिल थांबवलं. त्याने ओढणी नाकाखाली सरकवली. "ऐकलंत आई? टाळ्या!"

"शाबास," वीणाताई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

विजयाच्या भरात त्याने ड्रिल आणखी एकदा जोरात फिरवलं. ते अचानक हलकं झालं. त्याने कांडी खाली ओढली. ती आली. तिच्यामागून दुसरी आली. तिच्यामागून काहीच आलं नाही. ब्रश आणि बाकीच्या कांड्या वर पाईपातच राहिल्या होत्या, हात पोचणार नाही इतक्या वर, वळणाच्या पलीकडे. बाहेर टाळ्या थांबल्या. थोड्या वेळाने नॉर्मननी खिडकीची काच वाजवली आणि विचारलं, "तो तिथेच ठेवायचा आहे का?"

शहाण्या माणसाने इथे हात धुवून चहा प्यायला असता. अवधूतने चादरीवर पडलेली काजळी निदान उचलावी म्हणून घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणला. काजळी इतकी बारीक असते की व्हॅक्यूम क्लीनर तिला पुढून गिळतो आणि मागून ओकतो, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळलं. पण अर्धं मिनिट पुष्कळ होतं. पांढऱ्या भिंती, बिस्किटी रंगाचा सोफा, ईराचा शाळेतला फोटो, आणि खुर्चीत बसलेल्या वीणाताई, सगळं एका रंगाचं झालं. छताचा अलार्म पुन्हा कोकलला. नेमकी तेव्हाच सुचेता दारात उभी राहिली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. "आई कुठे आहे?"

"मी इथेच आहे गं," खुर्चीतून आवाज आला. "ओरडू नको त्याच्यावर. उलटं फिरवायला मीच सांगितलं."

सासूने जावयाला 'त्याच्यावर' म्हटलं, ही गोष्ट त्या गोंधळात कुणाच्या लक्षात आली नाही. अवधूतच्या आली.

सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. धुरांड्याच्या तोंडातून ब्रश हातभर वर आला होता, तारा फिस्कारून कडेला अडकला होता आणि वाऱ्यावर डुलत होता. काजळीने माखलेल्या वीणाताई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "गुढीच उभारलीत की अवधूतराव," त्या म्हणाल्या. "गाठीच तेवढी राहिली." आणि त्या हसायला लागल्या. बाबा गेल्यापासून आईला एवढं हसताना सुचेताने पाहिलं नव्हतं, त्यामुळे रागवायला आलेली ती नुसतीच उभी राहिली.

पुढचे दिवस अवधूतच्या मानहानीचे होते. घर रुळांलगत असल्यामुळे लंडनला जाणाऱ्या गाडीतून ब्रश स्पष्ट दिसे. एकदा ऑफिसला जाताना समोरची बाई शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "ते बघ!" आणि अवधूत वर्तमानपत्राआड गेला. कौन्सिलची अतिशय सभ्य ईमेल आली: तुमचा भाग संरक्षित असून छपराच्या वर काही नवीन बसवल्याचं कळलं, ते अँटेना आहे का? ते ब्रश आहे, असं त्याने कळवलं. उत्तर आलं की ब्रशसाठी वेगळा रकाना नाही, तरी तो तात्पुरता आहे की कायमचा, हे कृपया सांगावं. मंडळाच्या ग्रुपवर 'खासनीसांकडे मार्गशीर्षात पाडवा' असा मजकूर फिरला. ईराने केंब्रिजहून व्हिडिओ कॉल केला. "बाबा, आपल्या चिमनीवर तो काय बसली आहे? सो क्यूट! काढू नको हां!" मिलिंदने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हिडिओत तो खालून बघून उजवीकडे फिरवत होता बरं का." वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

अवधूत जॅनिसच्या मागे लागला. आधी एक फोन, मग दुसरा, मग रोज. अडकलेला ब्रश काढायचा म्हणजे छपरावर चढायचं, दोन माणसं हवीत, कोरडी हवा हवी, ती म्हणाली. जानेवारीच्या शेवटी म्हटलंय ना, तेव्हाच. "पण माझ्या सासूबाई दहा दिवसांत चालल्यात हो!" तो काकुळतीला येऊन म्हणाला. धुरांड्याचा आणि सासूचा संबंध जॅनिसला लागला नाही. त्याने समजावून सांगितलं. ती म्हणाली, लोक सहसा उलट कारणासाठी घाई करतात.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, माफ करा. लॉगबर्नर काही तुमच्या जाण्याआधी होत नाही. जानेवारी उजाडणार."

वीणाताईंनी ताटातला घास संपवला. "मग मला डिसेंबरात कसं जाता येईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दोघांनी मिळून काम बिघडवायचं आणि एकाने विमानात बसून निघून जायचं? छत्तीस वर्षं शाळा चालवली मी. अर्धं सोडून गेले नाही कधी. ती बाई छपरावर चढेल तेव्हा खाली कोणीतरी लक्ष द्यायला पाहिजे. तुमच्यावर सोडून कसं चालेल बाप्पा? सुचेता, तिकीट फेब्रुवारीचं कर."

सुचेता ताटावरून उठली आणि जाऊन आईच्या गळ्यात पडली. वीणाताई म्हणाल्या, "अगं खरकटा हात!" अवधूतने पापड मोडून दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला. मग खिशातून फोन काढून त्याने हीटिंगचं अ‍ॅप उघडलं, आकडा बाविसावर नेला, आणि तत्त्वासाठी थोडा थांबून तेविसावर नेला.

लॉगबर्नरला सुचेताने चिकटपट्टी मारून टाकली होती. खोली तरी गरम होती. वीणाताईंचा एक स्वेटर उतरला, मग दुसरा. त्यांना काम मिळालं होतं. सकाळी शाल घेऊन बाहेर जात, ब्रश जागेवर आहे ना ते पाहत, आणि कुंपणावर नॉर्मनशी त्यावर चर्चा करत. नॉर्मन आठवड्यातून दोनदा पाटोडी-रस्सा खायला येऊ लागले आणि घाम पुसत 'फारच छान' म्हणू लागले. काजळीचे डाग काढायचं तंत्र वीणाताईंनी स्वतः शोधलं, बेसन आणि ताक, आणि सोफ्याचा एकेक हात त्या रोज थोडा थोडा घासत. काम संपणार नाही इतक्या सावकाश घासत, हे अवधूतला दिसे. दुपारी दोघं जेवायला बसत. कांडी वरून पाहायची की खालून, हा प्रश्न दोन आठवडे पुरला.

ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात अवधूत बागेच्या टोकाला कचऱ्याचा डबा ठेवायला गेला असताना खिशातला फोन वाजला. जॅनिस होती.

"मिस्टर खासनीस? एक काम रद्द झालंय. गुरुवारी हवा कोरडी आहे, माणूसही मिळालाय. येऊ का?"

महिन्याभरापूर्वी या वाक्यासाठी अवधूतने काय वाटेल ते दिलं असतं. त्याने वर पाहिलं. ब्रश डुलत होता. खिडकीतून आतली खोली दिसत होती. वीणाताई सोफ्याशी वाकून ताकाचं बोट फिरवत होत्या आणि स्वयंपाकघरातल्या सुचेताला मोठ्याने काहीतरी सांगत होत्या. गुरुवारी ब्रश निघाला की शुक्रवारी त्या म्हणणार, झालं बाप्पा आता माझं काम, त्यांच्या स्वभावात बसणारं होतं ते.

"गुरुवारी," तो म्हणाला, "मला जरा... गुरुवार गैरसोयीचा आहे."

"बरं. शुक्रवार?"

"शुक्रवारही. खरं तर काही घाई नाही हो. जानेवारीतही नको. तुमच्याकडे गर्दी असते. मार्च-एप्रिलमध्ये सवडीने बघा ना."

पलीकडे जॅनिस हसली. "म्हणजे ते खरं आहे तर!"

"काय?"

"मी सकाळी घरच्या नंबरवर फोन केला होता. तुमच्या सासूबाईंनी घेतला. फार स्पष्ट इंग्रजी बोलतात हो. त्यांनी सांगितलं, तुमच्यात हे असं एकदा घरावर उभं केलं की मार्चमध्ये तुमचं नवं वर्ष लागेपर्यंत उतरवत नाहीत. धार्मिक कारण आहे म्हणे. मला वाटलं तुम्ही एवढी घाई करत होतात, तर एकदा तुम्हालाही विचारावं. खरंच तसं आहे का?"

अवधूतने घसा साफ केला. अनेक गोष्टी त्याच्या ओठांवर आल्या. गुढी एका दिवसाची असते. ती पाडव्याला उभारतात आणि त्याच संध्याकाळी उतरवतात. आणि तिला ब्रश लावत नाहीत.

"हो," तो म्हणाला. "आमच्यात फार कडक असतं ते."

तो आत आला. वीणाताईंनी मान वर केली नाही. "कोणाचा फोन होता?"

"राँग नंबर."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि सोफ्याच्या त्याच डागावरून पुन्हा बोट फिरवायला लागल्या. "हा काही लवकर निघत नाही हो अवधूतराव."

"राहू द्या," अवधूत म्हणाला. "सावकाश काढा."